रात्रपाळीचा प्राणवायू

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं की त्याच्या मागोमाग शहाळी येतात. आमच्याकडे तरी आली. मनोर गाव हायवेवर आहे, मस्तान नाक्यावरून मुंबई-अहमदाबादचे ट्रक रात्रंदिवस जात असतात, पण बातमीला इथे वाहन लागत नाही. टेम्पोतून खोकं उतरवताना समोरच्या किराणावाल्याने पाहिलं आणि दिवेलागणीपर्यंत ओटीखाली चपलांचा ढीग झाला. 'बाई ऑक्सिजनवर आहेत' हे वाक्य पालघर रस्त्याने निघालं ते मासवणपर्यंत पोचलं असावं, कारण तिथल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोन करून यांना विचारलं, "काका, बाई बोलतायत ना अजून?" बाई तिथेच बसून गवार मोडत होत्या. "बोलतायत की," हे म्हणाले, "देऊ का?" तर ती घाबरून म्हणाली, "नको नको, त्यांना त्रास नको."

भेटायला येणारी माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात. आवाज खाली आणतात. मशीन दिवसा बंदच असतं, तरी त्याच्याकडे पाठ करून कोणी बसत नाही. चहा येईपर्यंत कोणीतरी सुरुवात करतं, "आमच्या मेव्हण्यांना पण कोविडात हेच लावलं होतं..." आणि मध्येच थांबतं. त्या गोष्टीचा शेवट त्यांना ठाऊक असतो, मलाही असतो. मग आम्ही सगळे मिळून पावसाकडे वळतो.

त्यांना दोष कसा देणार? २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळाला, दोन दिवसांत आमच्याच जिल्ह्यात विरारला अतिदक्षता विभागात आग लागली, आणि बाकी महिनाभर जो तो सिलिंडरच्या शोधात फिरत होता. तेव्हापासून ऑक्सिजन म्हणजे शेवटची पायरी, असं लोकांच्या मनात पक्कं बसलंय. आम्ही तर वैतरणेच्या बाजूची माणसं. पुराणात ही नदी मेल्यावर ओलांडायची असते, आम्ही मुंबईला जाताना ओलांडतो. पण मशीन पाहिल्यावर पुराणच आठवतं.

मी फक्त रात्री ऑक्सिजन घेते, मिनिटाला एक लिटर, आणि सकाळी नळी काढून दळण टाकायला जाते, हे समजावून सांगण्यात माझा दिवसाचा बराचसा श्वास खर्च होतो. फुफ्फुसांनी या व्यवस्थेबद्दल काही कुरकुर केली नाही. ती पहिल्याच आठवड्यात मुकाट्याने कामाला लागली. वेळ लागला तो बाकीच्यांना: नाकाला, कानांना, यांना, आमच्या वन्संना आणि सगळ्यांत जास्त गावाला.

आजार जुनाच. सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांत हवा अडकवून ठेवणारा. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, "विडी, सिगारेट?" मी नाही म्हटलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी पण नाही." डॉक्टर जरा हिरमुसले. आरोपी सापडल्याशिवाय फाइल पुढे सरकवायला कोणाला आवडतं? मग त्यांनी पेन टेबलावर ठेवून विचारलं, "चूल होती?"

चूल होती. माहेर वाड्याकडचं, भाताचं गाव. शाळेत जायला लागले त्याच्या आधीपासून माझ्या हातात फुंकणी होती. पावसाळ्यात लाकडं ओली, ती पेटेपर्यंत स्वयंपाकघरात आई दिसायची नाही, फक्त तिचा खोकला ऐकू यायचा. तेवढ्यावरून ती कुठे बसली आहे ते कळायचं. लग्न होऊन मनोरला आले तर इथेही चूल. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षं जात. गॅस आला त्याचे आम्ही पेढे वाटले होते. पण सासूबाईंना भाकरी चुलीवरचीच लागायची, त्यामुळे पेढे वाटूनही धूर घरातच राहिला.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की जगात तंबाखू ओढणारी माणसं एक अब्जाच्या आसपास, आणि लाकूड, शेणी, पाचोळा यांचा धूर घरात घेणारी तीन अब्ज. विडी न ओढता हा आजार होणाऱ्यांची गर्दी एवढी मोठी असेल असं फार जणांना वाटलं नव्हतं. मला ते वाचून बरं वाटलं. रोगाचं काही कमी झालं नाही, पण निदान मी एकटी नव्हते.

तरी सगळा दोष चुलीवर टाकायला मन होत नाही. आमच्याकडे आरोपी भरपूर. एप्रिल-मे महिन्यात शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, कवळं, शेण पसरून भाताच्या रोपाची जागा जाळून घेतात, तेव्हा सगळा परिसर सकाळभर धुरकट असतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. वाडा रस्त्याची धूळ आहे, हायवेचं डिझेल आहे. पश्चिमेला बोईसर-तारापूरची एमआयडीसी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींची मोजणी केली तेव्हा प्रदूषणात तारापूर पहिलं आलं होतं. आमच्या जिल्ह्याचा पहिला नंबर सहसा कशात येत नाही. हा आला. आणि त्याच एमआयडीसीच्या पगारावर आमचं घर उभं राहिलंय, तेव्हा यांच्यासमोर तो विषय मी बेताने काढते.

दिवसा माझं ठीक चालतं. ऑक्सिमीटरवर नव्वदच्या अलीकडे-पलीकडे. सकाळी डोकं दुखायचं, ते मी चहावर ढकलत होते. डॉक्टरांनी एक रात्र बोटाला चिमटा लावून घरी झोपायला सांगितलं. तो चिमटा रात्रभर नोंद ठेवतो. सकाळी कागद निघाला तर मध्यरात्रीनंतर रेघ ऐंशीच्या घरात उतरलेली, आणि पहाटे, ऐन स्वप्नांच्या वेळी, सगळ्यांत खाली. कारण सोपं आहे. झोपेत श्वास उथळ होतो. स्वप्नांच्या झोपेत तर बरगड्यांचे स्नायूही सैल पडतात, सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. आणि या आजारात हवा आत अडकून अडकून ते पटलच चपटं झालेलं असतं, त्याला जोर कुठून येणार. म्हणजे स्वप्नं बघायला परवानगी होती, पुरवठा नव्हता.

माझ्या झोपेत जगाला इतका रस असेल हे मला माहीत नव्हतं. अमेरिका आणि कॅनडात २०३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल १९८० साली आला: फक्त रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसरात्र घेणारे जास्त जगले. पुढच्या वर्षी ब्रिटनने ८७ रुग्णांचा निकाल दिला: रोज किमान १५ तास घेणारे, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. पण ही सगळी दिवसाही फार खाली गेलेली माणसं. ज्यांचं फक्त रात्रीच बिघडतं त्यांच्यावरचा अभ्यास २०२० मध्ये आला, आणि त्यात ठाम असं काही हाती लागलं नाही, कारण ठरवले होते तेवढे रुग्णच मिळाले नाहीत. कुठून मिळणार? वर्षानुवर्षं नाकात नळी घालून झोपा, आणि नळीतून प्राणवायू येतोय की साधी हवा ते तुम्हाला सांगणार नाही, या अटीवर हौसेने नाव कोण देईल!

हे सगळं मी डॉक्टरांना विचारलं. शिक्षिकेची खोड. ते म्हणाले, "तुमचं दिवसाचंही काठावर आहे. रात्रीपासून सुरू करू. तीन महिन्यांनी परत मोजू." मला त्यातलं 'परत मोजू' फार आवडलं. 'बघा, एकदम बरं वाटेल' म्हणाले असते तर मी मशीन घेतलं नसतं.

मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो, हे शहाळीवाल्यांपैकी कोणालाही पटत नाही. "मग भरायचा कुठून?" असं विचारतात. भरायचा नाहीच. ते मनोरचीच हवा ओढतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. दाब दिला की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाणे भरले की दाब सोडायचा, नायट्रोजन बाहेर फेकायचा. तेवढ्यात दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. एका उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालायच्या तसं हे चालतं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि ताल चुकत नाही. आवाजही तसाच, धप्, मग फुस्स. पलीकडून नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन येतो.

मी आयुष्यभर इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेट तापवून ऑक्सिजन करून दाखवायचा आणि विझत आलेली अगरबत्ती आत घालून ती भपकन पेटवायची. मुलं टाळ्या वाजवायची. त्या वर्गातल्या कोणालाही, मला धरून, असं वाटलं नव्हतं की हा वायू पुढे रात्रभर घरात तयार करावा लागणार आहे.

आणि हे झिओलाइटही काही परकं नाही. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये ते स्फटिक होऊन बसलेलं असतं. जगभरचे हौशी लोक महाराष्ट्राचे झिओलाइट गोळा करतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन पाहा, काय एकेक रंग आहेत. मशीनमधलं झिओलाइट कारखान्यात केलेलं असतं, पण घराणं तेच. रात्री जाग आली की मला उगीच बरं वाटतं की आपल्या डोंगराच्या भावकीतलं कोणीतरी आत जागं आहे.

आणखी एक जुळणारी गोष्ट मी पाहुण्यांना सांगते. जोसेफ प्रीस्टलीने इंग्लंडमध्ये पाऱ्याचं भस्म भिंगाने तापवून ऑक्सिजन मिळवला तो दिवस १ ऑगस्ट १७७४. आमचा पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला तोही १ ऑगस्ट, साल २०१४. बरोबर दोनशे चाळीस वर्षं. पाहुणे माना डोलावतात, पण त्यांचं लक्ष मशीनकडेच असतं. प्रीस्टलीने तो वायू आधी उंदरावर पाहिला, मग स्वतः हुंगला, आणि पुढेमागे ही श्रीमंतांची चैन होईल असं लिहून ठेवलं. चैनीबद्दल त्याचा अंदाज चुकला. विजेचं बिल पाहता श्रीमंतांबद्दल चुकला नसावा. साडेतीनशे वॅटचं मशीन रात्रभर चाललं की तीनेक युनिट जातात.

यांचं सांगायचं राहिलं. आम्हा दोघांत मशीनमुळे सगळ्यांत जास्त बदल कोणात झाला असेल तर यांच्यात. हे तारापूरला एका कारखान्यात कॉम्प्रेसर रूममध्ये होते. नोकरीभर तिन्ही पाळ्या केल्या, रात्रपाळी सर्वांत जास्त. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात ऐकण्यासारखा आवाजच राहिला नव्हता. मिक्सरवर किती दिवस काढणार? मला धास्ती होती की या धप्-फुस्सने त्यांची झोप उडेल. पहिल्या रात्री मी नळी लावली, मशीन चालू झालं, हे उठून बसले, कान दिला, म्हणाले, "व्हॉल्व्ह चांगला बसतोय," आणि आडवे होऊन घोरायला लागले. झोप माझी उडाली.

दुसऱ्या दिवशी यांनी दुकानातून लांब वही आणली. लॉगबुक. तारीख, चालू केल्याची वेळ, प्रवाह, ओलाव्याच्या बाटलीतलं पाणी, फिल्टर धुतला की नाही, शेरा. मागचा जाळीचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा असं पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिका लिहिणाऱ्याने मनोरची धूळ पाहिलेली नाही. हे एक दिवसाआड धुतात आणि धुण्याआधी मला आणून दाखवतात, "बघ, किती माल निघाला." शेऱ्याच्या रकान्यात पहिले काही दिवस 'पेशंट नॉर्मल' असं लिहिलेलं सापडलं. मी हरकत घेतली. तेव्हापासून 'लोड नॉर्मल' असं येतं. त्यावर हरकत घ्यायची की नाही, माझं अजून ठरलेलं नाही.

नाकाला मात्र खरंच त्रास झाला. दोन बारीक तोंडं नाकपुड्यांत, नळी कानांवरून मागे आणि हनुवटीखाली एक सरकती गाठ. ज्या कानांवर आधीच चष्म्याच्या काड्या, कुड्या आणि कोविडात मास्कच्या दोऱ्या राहून गेल्या, त्यांना आणखी एक भाडेकरू. आठवडाभर कानामागे लाल रेघा होत्या. मग नळीला कापूस गुंडाळून तो प्रश्न सुटला. नाक कोरडं पडायचं. तेवढ्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. वाड्याहून येताना झोळीत वाडा कोलमचे तांदूळ आणि गाईच्या तुपाची बाटली. "वहिनी, रात्री दोन-दोन थेंब नाकात सोड. हवा कसली कोरडी पडते!" मी म्हटलं, "वन्सं, तेल-तूप चालत नाही. ऑक्सिजनजवळ स्निग्ध काही नको, आणि नाकातून फुफ्फुसात उतरलं तर तिथेही नको." वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गोमातेबद्दलच काही बोलले. "आमच्या आजीने नव्वद वर्षं तूप घातलं नाकात." "आजींच्या नाकात नळी नव्हती, वन्सं." तूप शेवटी वरणभातावर गेलं. नाकाला डॉक्टरांनी पाण्यातलं मलम दिलं आणि ते पुरलं.

पण वन्संचा दुसरा मुद्दा गावातल्या निम्म्या लोकांचाही आहे. मशीनवर एक काचेची उभी नळी असते, तिच्यात छोटी गोळी तरंगते. माझी गोळी एकच्या रेघेवर. मशीन पाचपर्यंत देतं. "मग पाचवर ठेव की! पैसे तर तेवढेच लागतात." खानावळीत बसल्यासारखं, पोळ्या अमर्याद आहेत तर चारच का खाता, असा तो हिशेब. या आजारात काही जणांना जास्त प्राणवायू दिला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं जड, माणूस गुंगीत. म्हणून डॉक्टर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढ्यातच राहा म्हणतात, शंभराचा हट्ट नको. शाळेत मी ज्यांना अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर 'आणखी चांगला अभ्यास कर' असं लिहून दिलं त्या मुलांची आता आठवण होते.

नळी पंधरा मीटर लांब. मशीन मधल्या खोलीत, म्हणजे माझी हद्द न्हाणीघर, स्वयंपाकघराचा उंबरठा आणि मागची खिडकी एवढी. देवघर हद्दीबाहेर आहे, आणि ते मुद्दाम. समई, कापूर, उदबत्ती यांच्या आसपास मी नळीसकट जायचं नाही. मच्छर अगरबत्तीही गेली; तिचा धूर तसाही छातीला नको होता. आता मच्छरदाणी लावतो. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचायची, तिच्यातून नळी आत घ्यायची आणि डासाला आत घ्यायचं नाही, हे काम रोज रात्री हे करतात. त्यात डास जिंकल्याची नोंद लॉगबुकात नसते.

मग पाऊस आला आणि लाइट जायला लागली. आमच्यापासून थोड्या अंतरावर तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र ते. ती वीज तारांवरून कुठे कुठे जाते, आमच्या पंख्याला मात्र पहिल्या वाऱ्यात सुट्टी लागते. जूनमधल्या एका रात्री वळवाचा शेवटचा तडाखा होता. बाराच्या सुमारास लाइट गेली, आणि मशीन ओरडायला लागलं. वीज गेल्याचं कळावं म्हणून त्याला छोटी बॅटरी आणि भोंगा दिलेला असतो. भोंगा कारखान्याच्या हिशेबाचा. हे ताडकन उठले, 'ट्रिप झालं, ट्रिप झालं' म्हणत टॉर्च शोधू लागले. शेजारचा मुलगा भिंतीवरून उडी मारून आला. हा माझाच विद्यार्थी, वायरमनचं काम करतो. समोरच्या काकू छत्री न घेताच आल्या. कोणी सिलिंडर गडगडत आणला. काळं अंग, पांढरा खांदा, तो राखीव म्हणून ठेवलेला. त्याची चावी सापडेना. काकू म्हणाल्या, "बाईंना झोपवा, झोपवा." बाई मच्छरदाणीत बसून होत्या.

मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तास-दोन तास मशीन बंद राहिलं तर आभाळ कोसळत नाही. पाठीला उशी घेऊन टेकून बसा, ओठ चंबू करून हळू श्वास सोडा. मी तेच करत होते. बोटाला चिमटा लावला, एकोणनव्वद. मग गंमत म्हणून यांच्या बोटाला लावला. प्राणवायू सत्त्याण्णव, नाडी एकशेअठरा. शेजारच्या मुलाची त्याहून जास्त. त्या खोलीत सगळ्यांत शांत नाडी माझी होती. "बाई," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्हाला काही होतंय का?" मी म्हटलं, "तू आधी बस." पुढच्या आठवड्यात त्याने इन्व्हर्टर बसवून दिला आणि मजुरी घेतली नाही. भोंग्याच्या ठिकाणी कापूस कोंबायचा विचार यांनी बोलून दाखवला, तो मी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेने मिळून हाणून पाडला.

श्वास सोडणं हा या आजाराचा खरा पेच आहे, घेणं नव्हे. हवा आत जाते, बाहेर यायला का-कू करते. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला ओठ आवळून सोडायला शिकवलं, आत घेतलं त्याच्या दुप्पट वेळ. ते करताना मला दरवेळी तारपा आठवतो. भातकापणी झाली की आमच्या बाजूच्या पाड्यांवर अजूनही कुठे कुठे रात्री तारपा ऐकू येतो. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मध्ये, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती, आणि त्याच्याकडे कोणी पाठ करायची नाही. सूर तुटत नाही. वाजवणारा गालांत हवा साठवतो, तिच्यावर सूर चालू ठेवतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तर या वादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेही अशा वयात की माझ्यासारखी माणसं जिन्याकडे बघूनच दमतात. वर्गात मी एकदा पेल्यातल्या पाण्यात नळी घालून, बुडबुडे न थांबवता श्वास घेता येतो का, हा प्रयोग मुलांना दिला होता. सगळ्यांच्या नाकात पाणी गेलं. मागच्या बाकावरच्या एका वारली मुलाचे बुडबुडे तेवढे चालूच राहिले. विचारलं तर म्हणाला, "बाबा वाजवतो." त्याला मी त्या वेळी विज्ञानात किती गुण दिले होते ते आता पाहायची सोय नाही, आणि नाही तेच बरं.

रात्री मशीन चालू असताना बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. हायवेही ऐकू येत नाही, हा फायदाच. सुरुवातीला त्या धप्-फुस्सच्या तालावर माझा श्वास आपोआप जुळायला बघायचा आणि मशीनचा वेग माझ्यापेक्षा वेगळा, त्यामुळे चढाओढ व्हायची. ती केव्हा बंद झाली ते कळलं नाही. सकाळचं डोकं दुखायचं थांबलंय, हे मात्र मी डॉक्टरांच्या आधी चहाला सांगितलं. तीन महिन्यांनी मोजणी झाली. रात्रीची रेघ नव्वदच्या आसपास सरळ चाललेली होती. डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." यांनी त्या कागदाची झेरॉक्स लॉगबुकात चिकटवली.

आता शहाळी कमी झालीत आणि चौकशा वाढल्यात. ज्यांना रात्रीचं मशीन सांगितलंय अशी माणसं आधी दुकानात जातात, मग माझ्याकडे येतात. परवा नाक्याजवळचे एक तात्या आले. आयुष्यभर ट्रक चालवला, विडी त्याहून आधीपासूनची. "बाई, एकच विचारायचं होतं. रात्री नळी लावल्यावर मध्ये एखादी विडी...?"

मी यांना मुरंब्याची रिकामी बरणी आणायला सांगितलं. मशीन चालू करून नळीचं टोक खिडकीतून अंगणात घेतलं, बरणीत सोडलं. ऑक्सिजन हवेपेक्षा किंचित जड असतो, उभ्या बरणीत भरून राहतो. मग नळी आत, मशीन बंद, खिडकी बंद, बरणी अंगणाच्या मध्यावर फरशीवर. उदबत्ती पेटवली, फुंकून विझवली, नुसता लाल ठिपका राहिला. लांब चिमट्यात धरून ती बरणीत घातली. भप्प! तात्या दोन पावलं मागे सरकले.

"पुन्हा दाखवा," म्हणाले. कित्येक वर्षांत मला कोणी 'पुन्हा दाखवा' म्हटलं नव्हतं. पुन्हा दाखवलं.

तात्यांनी खिशातून विडीचं बंडल काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कट्ट्यावर ठेवलं. "म्हणजे नळीजवळ नाही."

"नळीजवळ नाही, लांबही नाही. दिवसाही नाही."

बराच वेळ ते बरणीकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं, मशेरी? ती तर पेटवायची नसते."

"तव्यावर भाजता ना? त्याचा धूर होतोच की."

"ती मी कुठे भाजतो," तात्या म्हणाले, "सूनबाई भाजते."

"मग उद्या तिलाच पाठवा."